कोंग्वाचा भुईमूग आणि शाळेचे शेत

भुईमुगाच्या शेंगा तुम्ही अनेकदा खाल्ल्या असतील. पण शेंग फोडताना एक प्रश्न तुमच्या मनात कधी आला आहे का? भुईमुगाचे पिवळे फूल येते ते जमिनीच्या वर. मग शेंग जमिनीच्या खाली कशी जाते?

शेतकऱ्याच्या घरातील मुलांना याचे उत्तर ठाऊक असते. फुलाचे फलन झाले की फूल सुकते आणि त्याच्या तळाशी असलेला भाग देठासारखा लांब होऊन खाली वाकतो. याला आपल्याकडे ‘आऱ्या’ म्हणतात. आऱ्यांच्या टोकाशी बीजांडे असतात. हे टोक जमिनीत काही सेंटिमीटर शिरते, तेथे आडवे होते आणि मग फुगून त्याची शेंग बनते. ज्या आऱ्या जमिनीत शिरत नाहीत, त्यांना शेंगा धरत नाहीत. म्हणूनच भुईमुगाला भुसभुशीत जमीन लागते. आऱ्या सुटू लागल्या की आपले शेतकरी मातीची भर देतात. काही जण पिकावरून रिकामे पिंप फिरवतात. त्याच्या वजनाने आऱ्या मातीला टेकतात. काढणीसुद्धा वाफसा पाहूनच करावी लागते. जमीन कडक झाली असेल, तर झाड हातात येते आणि शेंगा जमिनीतच राहतात.

ही एवढी माहिती लक्षात ठेवा. कोट्यवधी रुपये खर्चून उभी राहिलेली एक प्रचंड योजना एवढ्याच गोष्टीवर कशी अडखळली, ते आता पाहू. आणि त्या योजनेवरून आपण एका वेगळ्याच प्रश्नाकडे जाणार आहोत. शाळेत आपण जे शिकतो, त्याचा आपल्या पायाखालच्या जमिनीशी काय संबंध असावा?

बत्तीस लाख एकरांचे स्वप्न

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा ब्रिटनमध्ये खाद्यतेल व चरबी यांची मोठी टंचाई होती. त्या वेळी पूर्व आफ्रिकेतील टांगानिका हा देश ब्रिटिशांच्या ताब्यात होता. आज आपण ज्याला टांझानिया म्हणतो, त्याचा मुख्य भूभाग म्हणजेच हा टांगानिका. तेथील विस्तीर्ण झुडपी रानात भुईमूग लावला, तर तेलाचा प्रश्न सुटेल, अशी कल्पना १९४६ साली पुढे आली. पाहणी करण्यासाठी तज्ज्ञांचे एक पथक गेले. त्याने काही आठवड्यांत, बरीचशी विमानातून, पाहणी केली आणि अनुकूल अहवाल दिला. योजना सुमारे ३२ लाख एकर जमिनीची होती. त्यातील बहुतेक जमीन टांगानिकात होती. सहा वर्षांत सारे काम पुरे व्हायचे होते.

१९४७ साली कोंग्वा या ठिकाणी कामाला आरंभ झाला. कोंग्वा हे टांगानिकाच्या मध्यभागी, दोदोमा शहराच्या पूर्वेस आहे. युद्धातून उरलेली यंत्रे आणली गेली. रणगाड्यांचे ट्रॅक्टर करण्यात आले. पण झुडपांची मुळे इतकी चिवट आणि गुंतलेली होती, की नांगर मोडू लागले. मातीतील कठीण वाळूने फाळ झिजू लागले. त्यातून पेरणी झाली, तर पाऊस दगा देऊ लागला. पीक आलेच, तर उन्हाने भाजलेल्या जमिनीतून शेंगा निघेनात! अखेर जानेवारी १९५१ मध्ये ब्रिटिश सरकारने ही योजना सोडून दिली. तोपर्यंत तीन कोटी पौंडांहून अधिक रक्कम खर्ची पडली होती. झुडपे काढून उघडी केलेली जमीन मात्र तशीच मागे राहिली.

चूक कोठे झाली?

योजना आखणारे लोक अडाणी नव्हते. त्यांना शेतीशास्त्र ठाऊक होते. मग चूक कोठे झाली? त्यातील दोन गोष्टी आपण नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट पावसाची. समजा, दोन गावांचा पाच वर्षांचा पाऊस मिलिमीटरमध्ये असा आहे :

पहिले गाव : ५८०, ६२०, ६००, ५९०, ६१०
दुसरे गाव : ९५०, ३००, ७५०, ३५०, ६५०

दोन्हींची सरासरी काढून पहा. दोन्हीकडे ती ६०० मिलिमीटरच येते. पण पहिल्या गावात दरवर्षी पीक येईल, तर दुसऱ्या गावात पाचांपैकी दोन वर्षे दुष्काळ पडेल. सरासरी हा आकडा खरा असतो. पण तो सगळे सांगत नाही. शिवाय वर्षाचा पाऊस पुरेसा असूनही फुलोऱ्याच्या वेळी तीन आठवडे उघडीप पडली, तर पीक हातचे जाते. कोंग्वाचा टापू असाच बेभरवशाच्या पावसाचा आहे.

दुसरी गोष्ट मातीची. मातीत लहानमोठे कण असतात. वाळूचा कण साधारण ०.०५ ते २ मिलिमीटर व्यासाचा असतो. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही बारीक असतो. या दोहोंच्या मधला तो पोयटा. कणांचे प्रमाण जसे बदलते, तशी जमीन बदलते. आपली काळी जमीन वाळली की तिला भेगा पडतात. कोंग्वाची माती वाळू आणि चिकणमाती यांच्या मिश्रणाची होती. वाळूच्या कणांमधील जागा बारीक चिकणमातीने भरून जाई आणि पाऊस उघडून ऊन पडले, की ती जमीन विटेसारखी घट्ट होई. अशा जमिनीत आऱ्या शिरणार कशा आणि शेंगा निघणार कशा? ओल्या मातीचा नमुना पाहून हे कळत नाही. पावसात आणि उन्हात, दोन्ही वेळा तीच जमीन पाहावी लागते.

ती तशी पाहणारे लोक कोंग्वाच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांना गोगो म्हणतात. ते गुरे पाळतात आणि ज्वारी-बाजरीसारखी, कमी पाण्यावर तग धरणारी पिके घेतात. पीक बुडाले तर गुरांवर निभावून न्यायचे, अशी त्यांची रीत. पाऊस कसा फसवतो, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? परंतु योजना आखताना या अनुभवाला स्थान मिळाले नाही. त्याला ‘ज्ञान’ म्हणून कोणी मोजलेच नाही.

शाळेने काय शिकवले?

आता तुमच्या लक्षात येईल की येथे दोन प्रकारचे ज्ञान एकमेकांपासून तुटलेले होते. एक, प्रयोगशाळेतले आणि पुस्तकातले. दुसरे, अनुभवाचे. ही फारकत केवळ एका योजनेपुरती नव्हती. वसाहतीच्या राज्यात शाळाच तशा घडलेल्या होत्या. राज्यकर्त्यांना कारकून, दुभाषे आणि कनिष्ठ अधिकारी हवे होते. शाळा ते पुरवीत. शेतकऱ्याचा मुलगा शाळेत गेला, की त्याचे यश एकाच गोष्टीवर मोजले जाई : तो शेतीपासून किती दूर गेला? त्याच्या बापाला जे ठाऊक होते, त्याची परीक्षेत विचारणा नव्हती.

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला. त्याचे नेते ज्युलियस न्येरेरे हे मूळचे शिक्षक. लोक त्यांना ‘म्वालिमू’ म्हणत. स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थच ‘शिक्षक’ असा आहे. मार्च १९६७ मध्ये त्यांनी ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ या नावाचा एक निबंध प्रसिद्ध केला. स्वातंत्र्य मिळाले, पण शाळा जुन्याच राहिल्या, हे त्यांचे दुखणे होते. प्राथमिक शाळेतील शंभर मुलांपैकी जेमतेम तेरांना माध्यमिक शाळेत जागा मिळत असे. पण सगळे शिक्षण मात्र त्या तेरांसाठी आखलेले होते. उरलेल्या सत्त्याऐंशी मुलांच्या पदरी काय पडले? आपण नापास झालो, ही भावना!

न्येरेरे यांचा उपाय असा होता : प्रत्येक शाळेला स्वतःचे शेत किंवा कर्मशाळा असावी. मुलांनी तेथे काम करावे, शाळेचा काही खर्च त्यातून निघावा आणि शेतात काय लावायचे याचा निर्णयही मुलांनी शिक्षकांबरोबर मिळून घ्यावा. नैसर्गिक खते, जमिनीची धूप थांबवणे या गोष्टी मुलांनी हाताने करून समजून घ्याव्यात. न शिकलेल्या वृद्ध शेतकऱ्याच्या ज्ञानाचा मुलांनी आदर करावा आणि त्याबरोबरच नव्या पद्धती व त्यांमागची कारणेही शिकावीत, असे त्यांचे म्हणणे होते. यातील ‘कारणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुने ते सारे सोने, असे ते म्हणत नव्हते. कोंग्वाला तुटलेला दुवा शाळेत जोडावा, असाच या म्हणण्याचा अर्थ होतो.

कुदळ होती, प्रश्न नव्हता

मग पुढे काय झाले? हा भाग वाचताना तुम्हांला थोडे वाईट वाटेल. पण तो वगळला तर धडा अपुरा राहील.

टांझानियाच्या शाळाशाळांतून शेते उभी राहिली. काही ठिकाणी ती उत्तम चालली. पण पुष्कळ ठिकाणी शेत म्हणजे केवळ अंगमेहनतीचे काम होऊन बसले. मुले कुदळी घेऊन जात, खणत, निंदणी करत आणि परत येत. मका पिवळा का पडला, पाणी उताराने का वाहून गेले, याची चर्चा होत नसे. वर्गात पूर्वीचाच धडा चाले. कोठे कोठे तर शेतावरचे काम ही शिक्षा म्हणून दिली जाई. पालकांनाही हे रुचेना. कुदळीपासून सुटका व्हावी म्हणून तर त्यांनी मुलांना शाळेत धाडले होते! आणि माध्यमिक शाळेचे दार पूर्वीप्रमाणेच लेखी परीक्षेच्या किल्लीने उघडत होते.

आणखी एक गोष्ट घडली. सुमारे १९७३ ते १९७६ या काळात सरकारने विखुरलेल्या वस्त्यांतील लक्षावधी लोकांना मोठ्या गावांत आणून वसवले, पुष्कळदा सक्तीने. हेतू शाळा, दवाखाने आणि पाणी पुरवण्याचा होता. पण घरापासून शेत दूर पडले आणि नव्या गावांभोवतीच्या जमिनीवर अनेक ठिकाणी ताण आला. पाऊस आणि माती पाहून वस्ती विखुरलेली ठेवण्यात काही शहाणपण होते, ते पुन्हा कोणी विचारले नाही. राज्यकर्ते आता परके नव्हते, आपलेच होते. पण सवय जुनीच होती. वरून ठरवायचे आणि खाली राबवायचे. १९८० च्या दशकातील आर्थिक संकटानंतर ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हा विचार हळूहळू मागे पडत गेला. मुलांचे आणि प्रौढांचे साक्षरतेचे प्रमाण त्या काळात खूप वाढले, हे मात्र मान्य करायला हवे.

कोंग्वाला शास्त्र होते, पण त्या जमिनीचा अनुभव नव्हता. शाळेच्या शेतावर मुले त्या जमिनीवर राबत होती, पण शास्त्र नव्हते, कारण ‘का?’ असा प्रश्न नव्हता. दोन्हीकडे दुवा तुटलेलाच राहिला.

आपल्याकडे

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी खेड्यांतील प्राथमिक शाळांत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे, आणि शाळांना जोडून लहान नमुनेदार शेते असावीत, म्हणजे मुलांना प्रत्यक्ष शिकता येईल, असे सुचवले होते. न्येरेरे यांच्या निबंधाआधी पंचाऐंशी वर्षे! शेतातील कसदार माती पावसाने वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालावेत, पाणी जमिनीत मुरवावे, हा विचारही ‘शेतकऱ्याचा असूड’ या त्यांच्या ग्रंथात आहे.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. हस्तव्यवसायातूनच गणित, विज्ञान, भूगोल शिकावा, ही तिची मूळ कल्पना. तिचेही पुढे पुष्कळ ठिकाणी टांझानियातील शेतांसारखेच झाले. टकळी फिरत राहिली, पण टकळीतून गणित काही निघाले नाही.

दुवा जोडल्याची उदाहरणेही आहेत. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञाने ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. तेथे मुले शेती, पशुपालन, लोहारकाम, बांधकाम, वीजजोडणी अशी कामे करत करत त्यांमागचे विज्ञान शिकतात. भूजलाचा शोध घेण्यासाठी जमिनीचा विद्युत्‌रोध मोजण्याची पद्धत तेथे वापरली गेली. कोरड्या खडकापेक्षा ओला खडक वीज अधिक चांगली वाहून नेतो, हे त्यामागचे तत्त्व. ओहमचा नियम तुम्ही वर्गात शिकता. दुष्काळी गावात विहीर कोठे खणावी, या प्रश्नाशी तो जोडला, की तोच नियम गावाच्या उपयोगी पडतो.

१९८७ साली ब्रुन्टलँड आयोगाने ‘शाश्वत विकास’ या कल्पनेचा अर्थ सांगितला : आजच्या गरजा अशा रीतीने भागवायच्या, की पुढच्या पिढ्यांना आपल्या गरजा भागवणे अशक्य होऊ नये. आता तो पाठ्यपुस्तकांतही आला आहे आणि परीक्षेत विचारलाही जातो. पण व्याख्या पाठ करून जमीन टिकत नाही. आपल्या गावाची माती दरवर्षी किती वाहून जाते, हे ज्या मुलाने एकदा डोळ्यांनी पाहिले, त्याला ती व्याख्या निराळी सांगावी लागणार नाही.

करून पहा

१. मातीची बाटली : सरळ उभ्या कडांची, झाकणाची काचेची बरणी घ्या. तिचा एक-तृतीयांश भाग शेतातील मातीने भरा. दगड आणि काड्या आधी काढून टाका. चिमूटभर धुण्याची पावडर घाला, बरणी पाण्याने जवळजवळ भरा आणि झाकण लावून पाच मिनिटे जोराने हलवा. मग ती स्थिर ठेवा. एका मिनिटात तळाशी बसेल ती वाळू. तेथे खूण करा. दोन तासांनी त्यावर बसलेला थर पोयट्याचा. पाणी निवळायला एक दिवस किंवा अधिक लागेल. सर्वांत वरचा थर चिकणमातीचा. प्रत्येक थराची उंची मोजा आणि शेकडा प्रमाण काढा. दोन वेगळ्या शेतांतील मातीची तुलना करा.

२. पाणी मुरण्याचा वेग : दोन्ही बाजूंनी उघडा असलेला पत्र्याचा डबा घ्या. कडा धारदार असतात, म्हणून डबा मोठ्या माणसाकडून कापून घ्या. तो जमिनीत दोन-तीन सेंटिमीटर दाबून बसवा. त्यात अर्धा लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पहा. झाडाखाली, नांगरलेल्या शेतात आणि पायवाटेवर हा प्रयोग करा. तिन्ही वेळा इतक्या वेगळ्या का आल्या?

३. पावसाची वही : एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. सरळ कडांच्या डब्यात रोज सकाळी आठ वाजता पट्टीने पाण्याची उंची मोजा. पूर्ण पावसाळाभर नोंद ठेवा. केवळ बेरीज करू नका. दोन पावसांमध्ये किती दिवस कोरडे गेले, तेही लिहा.

४. जाणत्यांची साक्ष : गावातील वयाची साठी उलटलेल्या दोन शेतकऱ्यांना, त्यांतील एक बाई असू द्या, हे प्रश्न विचारा : तुमच्या लहानपणी कोणते पीक होते, जे आज नाही? ते का गेले? विहिरीला तेव्हा किती परसांवर पाणी होते? कोणत्या शेताला वाफसा लवकर येतो? मिळालेली उत्तरे तुमच्या बरणीतील थरांशी आणि पाणी मुरण्याच्या वेळेशी ताडून पहा. जेथे जुळतील तेथे कारण शोधा. जेथे जुळणार नाहीत, तेथे अधिक काळजीने पुन्हा मोजा आणि पुन्हा विचारा. दोहोंपैकी कोणीही चुकत असू शकते.

शिक्षकांना एक विनंती. या प्रयोगांना गुण देऊ नका, अशी नव्हे. पण काम किती केले यापेक्षा विद्यार्थ्याने प्रश्न कोणता विचारला, यावर गुण द्या. शाळेच्या आवारात दोन वाफे पुरतात. एका वाफ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घाला, दुसरा उघडा ठेवा. बाकी सारे समान असू द्या. कोणत्या वाफ्याला पाणी कमी लागले, ते मुलांनाच सांगू द्या.

बत्तीस लाख एकरांच्या योजनेला जो धडा फार महाग पडला, तो दोन वाफ्यांत फुकट शिकता येतो. पुढच्या वेळी शेंग फोडाल तेव्हा तिच्या टोकाकडे पहा. ती जमिनीत शिरली, कारण कोणीतरी ती जमीन ओळखत होते. तुमच्या शाळेभोवतीची जमीन तुम्ही किती ओळखता?